किरणं, बातम्या आणि आपलं घर
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेलं भाषण)



मंडळानं आम्हा दोघांना 'रोजच्या जीवनातलं रेडिएशन' या विषयावर बोलायला सांगितलं. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, उभा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला. विषय सोपा वाटला. पण तयारीला बसलो आणि पहिली आठवली ती आमचीच चूक. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलणं बरं नाही.

आमच्या थोरल्या वहिनींना काही वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग नागपूरला २५ वेळा शेक घ्यावे लागले. रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी सिकाई. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी थकून परत यायचं. घरात तेव्हा सहा महिन्यांचा नातू होता. कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या अंगातून किरणं निघत असतील, लेकराला जवळ देऊ नका." आणि आम्ही दोघांनी, विज्ञानाच्या मास्तरांनी, ते ऐकलं! वहिनींचा कप वेगळा झाला, ताट वेगळं झालं, अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. वहिनी एका शब्दानं बोलल्या नाहीत. लेकरू रडलं की दारापर्यंत यायच्या आणि तिथंच थांबायच्या.

शेवटच्या आठवड्यात धीर करून आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गुरुजी, दिवा बंद केल्यावर भिंतीत उजेड साठून राहतो का?" बाहेरच्या यंत्रातून दिलेला शेक यंत्र बंद होताच संपतो. रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. त्याच्याजवळ बसावं, जेवावं, लेकरू मांडीवर द्यावं. अपवाद आहेत. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजलं असेल, किंवा शरीरात किरणोत्सारी स्रोत ठेवला असेल, तर काही दिवस अंतर ठेवावं लागतं. ते किती, हे डॉक्टर स्वतः सांगतात. शेजारीपाजारी नव्हे.

आता मुळाशी जाऊ. रेडिएशन हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना वापरतो. उजेड, चुलीची धग, रेडिओ आणि मोबाईलच्या लहरी ही एक जात. यांच्यात अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतका जोर नसतो. क्ष-किरण, गॅमा किरण ही दुसरी जात. यांच्यात तो जोर असतो, म्हणून पेशीला इजा होऊ शकते, आणि म्हणूनच कॅन्सरची पेशी त्यांनी मारता येते.

ही दुसरी जातही आपल्याला परकी नाही. ती मातीत आहे, हवेतल्या रेडॉन वायूत आहे, आकाशातून येते. आपल्या संत्र्यात आणि केळ्यात पोटॅशियम असतं, त्याचा अगदी लहान अंश किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटतात. आत्ता, या मांडवात बसल्या बसल्या! याच पोटॅशियमच्या घड्याळावरून शास्त्रज्ञांनी आपल्या काळ्या दगडाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं काढलं. आणि सौसरकरांनो, मँगनीज असलेल्या आपल्या भागातल्या पुरातन खडकांना भूगर्भशास्त्रात नावच 'सौसर समूह' असं आहे.

जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकं रेडिएशन मिळतं. छातीच्या एका एक्स-रेत साधारण दहा-पंधरा दिवसांच्या वाट्याइतकं. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन-तीन वर्षांच्या वाट्याइतकं. म्हणून गरज असेल तर सीटी टाळू नये, पण 'एकदा काढूनच टाका' असा हट्टही धरू नये. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. बाई गरोदर असेल तर आधी सांगावं.

शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट. भुईमुगाचं 'टीएजी-२४' हे वाण आपण ऐकलं असेल. त्यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, 'ए' म्हणजे अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्या कामातून १९९१ साली ते आलं. त्याच्या पूर्वजांत बियाण्याला क्ष-किरण देऊन मिळवलेली झाडं होती. त्याचे दाणे खाल्ल्यानं अंगात किरणं जात नाहीत. किरणांनी झाडाचा गुण बदलला आणि त्या निघून गेल्या.

आता बातम्यांकडे येऊ. १९८६ साली चेर्नोबिलचा अपघात झाला. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे, अशी भीती पसरली. मुंबईतली मंडळी कोर्टात गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि लोणी खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा मिळाला. ज्यांनी शंका विचारली ते चुकले, असं आम्ही म्हणणार नाही. शंका विचारली म्हणून तर तपासणी झाली.

उलट उदाहरण एप्रिल २०१० चं, दिल्लीच्या मायापुरीचं. विद्यापीठातलं जुनं यंत्र लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६० आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती तीन पाती, ही खूण असलेली वस्तू दिसली तर उघडू नका, दूर व्हा, पोलिसांना कळवा. बालमित्रांनो, हे चित्र आज घरी जाऊन काढा.

म्हणजे भीती खोटीच असते असं नाही, आणि खरीच असते असंही नाही. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं येणार, मोबाईल बंद ठेवा' हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात तारीख कधीच नसते, नुसतं 'आज रात्री'! मोबाईल टॉवरच्या लहरींसाठी आपल्या देशानं सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा घातली आहे. संशोधन चालू आहे, ते चालू राहावं. पण मोबाईलमागे चिकटवायचे स्टिकर विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

बातमी आली की तीन प्रश्न विचारा. कोणती किरणं? किती? हे मोजलं कुणी? उत्तर नसेल तर संदेश पुढे पाठवू नका. आम्ही हे तीन प्रश्न तेव्हा स्वतःला विचारले असते, तर एका बाईचे ते आठवडे दाराबाहेर गेले नसते.

वहिनी आज इथं समोर बसल्या आहेत. आजच्या प्रसादाचे मोदक त्यांच्या हातचे आहेत, आणि नातू त्यांच्या शेजारी बसला आहे. त्यांची माफी आम्ही घरात मागितली होती. आज गावासमोर मागतो. त्यांनी परवानगी दिली म्हणूनच ही गोष्ट सांगितली.

बुद्धिदात्यासमोर याहून वेगळं काय मागावं! गणपती बाप्पा मोरया!