प्रौढपणी इंग्रजीचा पेपर



पश्चिम रेल्वेवर पालघर सोडलं की पुढचं स्टेशन उमरोळी आणि त्याच्या पुढचं बोईसर. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि या गावांतल्या माणसांचं जाणं-येणं पुष्कळ सोपं झालं. सकाळच्या गाडीला उमरोळीच्या फलाटावर उभे राहिलात तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी माणसं दिसतील, भाजीची टोपली घेतलेल्या बाया दिसतील, कॉलेजची मुलं दिसतील. आणि नीट पाहिलंत तर एखादा चाळिशीचा गृहस्थही दिसेल. त्याच्या डब्याच्या पिशवीत एक पुस्तक असतं. ते तो बाहेर काढतो, आजूबाजूला कोणी ओळखीचं आहे का ते बघतो, आणि ओळखीचं दिसलं की पुस्तक पुन्हा आत जातं. ते पुस्तक असतं पदवी परीक्षेच्या इंग्रजीचं.

आज मी बोलणार आहे तो या पिशवीतल्या पुस्तकाविषयी.

शिक्षण मध्येच सुटलेल्या माणसाला पदवीचा रस्ता आता बंद राहिलेला नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली टपालाने शिक्षण देण्याची सोय केली. १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालं, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. गंगा घरी आली खरी. पण इंग्रजीच्या पेपराशी येऊन कित्येकांची नाव अडते. इतिहास निघतो, मराठी निघतं, राज्यशास्त्र निघतं, इंग्रजी राहतं.

माझ्या ओळखीचे असेच एक गृहस्थ. कारखान्यात मदतनीस म्हणून लागले, त्याला सोळा वर्षं झाली. पदवी मिळाली तर वरची जागा मिळण्याची आशा. इंग्रजीत दोनदा नापास झाले आणि एका रविवारी माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, आता वय झालं. डोक्यात शिरत नाही.”

मी विचारलं, “कारखान्यात तुमच्याबरोबर कोण कोण असतं?”

“बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत.”

“त्यांच्याशी कसं बोलता?”

“हिंदीत.”

“हिंदी कोणी शिकवली?”

“कोणी नाही. बोलता बोलता आली.”

“घरी काय बोलता?”

“वाडवळी.”

“आणि पाड्यावरच्या माणसांशी?”

“वारली येते की थोडीफार. डहाणूच्या व्यापाऱ्याशी गुजरातीही भागवून नेतो.”

मी म्हटलं, “अहो, मराठी धरून पाच भाषा झाल्या! सहावीला एवढं का घाबरता?”

श्रोतेहो, ही गोष्ट आपल्या भागात घरोघर खरी आहे. आपण भाषा शिकू शकत नाही असं नाही. आपण त्या शिकलो ते कानाने आणि तोंडाने. इंग्रजी मात्र आपल्याला नुसतं डोळ्यांनी शिकवलं गेलं. कानावर पडलं नाही, तोंडातून निघालं नाही. मग परीक्षेच्या दिवशी ते हातात कुठून येणार? म्हणून आधी कान, मग तोंड, मग डोळे आणि शेवटी हात, असा क्रम धरा.

कानासाठी पैसे पडत नाहीत. गाडीत बसल्यावर एकच गोष्ट तीन भाषांत ऐकू येते: ‘पुढील स्टेशन’, ‘अगला स्टेशन’, ‘नेक्स्ट स्टेशन’. फलाटावरची सूचनाही तशीच. मराठीत अर्थ आधीच कळलेला असतो. त्यानंतर इंग्रजी ऐकलं की शब्द आपोआप आपल्या जागी बसतात. हीच युक्ती बातम्यांना लावा. आकाशवाणीच्या मराठी बातम्या आधी ऐका, नंतर इंग्रजी ऐका. बातम्या बऱ्याचशा त्याच असतात. पहिल्या आठवड्यात नावं आणि आकडे तेवढे कळतील. कळू द्या तेवढेच. महिन्याभराने क्रियापदं ऐकू येऊ लागतील.

आता तोंड. संभाषणात आपली गाडी कुठे घसरते? आपण मराठी वाक्य मनात जुळवतो आणि शब्दाला शब्द ठेवून ते इंग्रजीत उतरवतो. पण दोन भाषांच्या रीतीभाती वेगळ्या. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ते जर कोणी ‘आय कम’ असं सांगितलं, तर साहेब म्हणेल, आलेलाच आहेस की! आई हाक मारते, आपण अजून ओटीवरच असतो आणि ओरडतो, ‘आलो, आलो!’ इंग्रजीत ‘आय केम’ म्हणून चालायचं नाही. तिथे ‘आय ॲम कमिंग’ म्हणायचं. ‘मला दोन भाऊ आहेत’ याला ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘मला भूक लागली’ याला ‘आय ॲम हंग्री’. आपली भूक लागते, त्यांचा माणूसच भुकेला असतो!

होकार-नकाराचीही अशीच गंमत आहे. ‘तुम्ही जेवला नाहीत का?’ असं विचारलं तर आपण सहज म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ इंग्रजीत तसं ‘येस’ म्हणालात तर समोरचा समजेल, जेवण झालं. तिथे उत्तर ‘नो, आय हॅवन्ट’. समोरच्याने प्रश्न कसाही विचारो, गोष्ट घडली नसेल तर ‘नो’.

यासाठी वाक्यं सुटी पाठ करू नका, जोडीने म्हणा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ‘व्हेअर डू यू वर्क?’, ‘व्हेन डिड यू कम?’, ‘कुड यू हेल्प मी, प्लीज?’ विषय रोजचे घ्या. तिकिटाच्या खिडकीवर, दवाखान्यात, बँकेत. पहिल्या दिवशी पाच प्रश्न, दुसऱ्या दिवशी तेच पाच आणि नवे दोन. काही अभ्यासक्रमांत तोंडी परीक्षा असते, काहींत संवाद लिहून काढायचा असतो. आपल्या पुस्तिकेत काय आहे ते पाहून घ्या. पण जे तोंडातून पन्नास वेळा गेलं आहे ते लिहिताना हात अडत नाही, हे दोन्हीकडे खरं.

आता वाचन. पेपरात एक उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न. पुष्कळ जण पहिल्या ओळीपासून शब्दाला अडत अडत जातात आणि तिसऱ्या ओळीवर घाम पुसतात. असं करू नका. आधी प्रश्न वाचा, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. मग सगळा उतारा एका दमात वाचा. अडलेला शब्द तसाच सोडा. दुसऱ्या वाचनात वाक्यांचे सांधे पाहा: ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’. अर्थाची दारं याच बिजागऱ्यांवर फिरतात.

एक उदाहरण देतो. ‘द वॉटर इन द वेल वॉज ब्रॅकिश, सो द विमेन वॉक्ड टू माइल्स फॉर ड्रिंकिंग वॉटर.’ ‘ब्रॅकिश’ माहीत नाही? नसू द्या. मध्ये ‘सो’ आहे, म्हणजे ‘म्हणून’. विहिरीचं पाणी काहीतरी होतं, म्हणून बायका पिण्याच्या पाण्यासाठी दोन मैल चालल्या. आपल्या किनाऱ्याच्या माणसाला हे पाणी कसलं ते सांगायला कोश कशाला हवा? मचूळ! शब्द कळायच्या आधी अर्थ कळला. तुमचं वय इथे उपयोगी पडतं. विशीच्या मुलाला शब्द जास्त येत असतील. विहीर तुम्ही जास्त पाहिली आहे.

मात्र तर्कालाही मर्यादा आहे, आणि ती मला या गृहस्थांनीच दाखवली. मी त्यांना एक नियम सांगितला होता: शब्दाच्या आधी ‘इन’ लागलं की अर्थ उलटा होतो. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण, ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. त्यांना तो फार आवडला. पुढच्या रविवारी खुशीत येऊन म्हणाले, “गुरुजी, तुमचा नियम कामाला आला. आमच्याकडे काही पिंपांवर ‘फ्लॅमेबल’ लिहिलंय, ते पेट घेणारं. काहींवर ‘इन्फ्लॅमेबल’ आहे. म्हणजे ते न पेटणारं. बरोबर ना?”

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इन्फ्लॅमेबल’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. इथलं ‘इन’ नकाराचं नाहीच. मी त्यांना बसवलं, चार वेळा सांगितलं, कागदावर लिहून दिलं. चूक त्यांची नव्हती. नियम मी सांगितला होता, आणि अपवाद सांगायचा राहिला होता. उताऱ्यात असा शब्द चुकला तर दोन गुण जातात. पिंपावर चुकला तर काय जाईल?

त्या दिवसापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. परीक्षेच्या उताऱ्यात अंदाज बांधा, खुशाल बांधा. पण औषधाची बाटली, कीटकनाशकाचा डबा, यंत्रावरची पाटी, बँकेचा कागद, इथे अंदाजावर राहू नका. कोश पाहा, नाहीतर जाणत्याला विचारा. विचारायची लाज नको. वाचनाचा सरावही अशाच वस्तूंवर होतो. युरियाच्या गोणीवर नत्र ४६ टक्के असं छापलेलं असतं. ‘नेट’ वजन म्हणजे आतल्या मालाचं, ‘ग्रॉस’ म्हणजे गोणीसकट. ‘यूज नो हुक्स’ म्हणजे उचलताना आकडा लावू नका. गोणी रिकामी होईपर्यंत पाच-सात शब्द घरात आलेले असतात.

आता उरली ती लाज. हे गृहस्थ रात्री खोलीचं दार लावून वाचायचे. मुलगी नववीत. तिच्या कानावर बापाचं अडखळणं पडू नये, म्हणून आवाज दाबून. दबलेल्या आवाजाने उच्चार सुधारत नाहीत. शेवटी त्यांची मंडळीच एकदा म्हणाल्या, “अहो, माझ्यापुढे वाचा. मला इंग्रजी येत नाही, मी कुठे हसणार?” मग भाकऱ्या होईपर्यंत चुलीजवळ बसून मोठ्याने वाचायचं, असं ठरलं. आठवड्याभराने मुलगीही येऊन बसली. तिने दोन उच्चार सुधारले, आणि तिला अडलेल्या एका वाक्याचा अर्थ बापाने सांगितला. त्यानंतर ते दार लागलेलं नाही.

ही लाज बाजूला ठेवून शिकलेलं माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलं आहे. अनुताई वाघ. १९१० सालचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलं. पुढे शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत शिकायचं, असं करून त्यांनी मॅट्रिक केलं. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे आदिवासी मुलांसाठी शाळा उभी राहिली. एवढा व्याप सांभाळून, पन्नाशी उलटल्यावर, त्या बी.ए. झाल्या. ज्या बाईकडे गाव शिकायला येत होतं ती स्वतः परीक्षेला बसली. मग आपण पिशवीत पुस्तक का लपवावं?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ, एक तास, गावातल्या अशा चार-सहा माणसांना द्या. दोन गोष्टी मात्र पाळा. प्रौढ माणूस वाक्य बोलत असताना मध्येच चूक काढू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य तुम्ही बरोबर म्हणून दाखवा. आणि त्यांना मुलांच्या बाकावर मुलांसारखं बसवू नका. गोल बसा, तुम्हीही त्यांच्यात बसा. ती दिवसभर राबून आलेली माणसं असतात. एकदा हसू झालं की ती पुन्हा येत नाहीत. आणि नियम सांगाल तेव्हा अपवादही सांगा. माझी चूक तुम्ही करू नका.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी रोजचा अर्धा तास असा वाटून देतो. दहा मिनिटं मोठ्याने वाचन, कोणाच्या तरी पुढे. दहा मिनिटं प्रश्नोत्तरं, जोडीदाराशी. जोडीदार नसेल तर दोन्ही बाजू आपणच बोलायच्या. दहा मिनिटं लेखन, आज बोललेलीच पाच वाक्यं. पाळी रात्रीची असेल तर वेळ बदला, पण खंड पाडू नका. रविवारी घड्याळ लावून एक जुना उतारा सोडवा. थेंबे थेंबे तळे साचे, हे इंग्रजीच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, असं तुमच्या मनात आलं असेल. तिसऱ्या खेपेला इंग्रजी सुटलं. गुण फार नव्हेत, काठावरचेच. पदवीला अजून एक वर्ष आहे आणि वरच्या जागेचं काय होईल ते मला सांगता येत नाही. पण त्यांनी एक काम केलं. आपल्या पाळीतल्या सगळ्यांना त्या पिंपांपाशी नेऊन दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे हे हिंदीतून समजावून दिलं. मला हे त्यांच्या गुणपत्रिकेहून मोठं वाटतं.

उद्या सकाळी गाडीत बसलात की पुस्तक पिशवीतून बाहेर काढा, आणि शेजारच्याने पाहिलं तर पाहू द्या. कोणी सांगावं, त्याच्याही पिशवीत तेच पुस्तक असेल.

बराय मंडळी, येतो. नमस्कार.