अश्वशक्तीचे माप

मापात पाप नसावे, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणतात. हे वचन वाण्याच्या पायलीला आणि सोनाराच्या काट्याला उद्देशून असले, तरी यंत्रयुगातील एका निराळ्याच तराजूला ते तितकेच लागू पडते. मोटारीच्या एंजिनाची शक्ती मोजणारे डायनामोमीटर नावाचे यंत्र हा तो तराजू होय.

अमेरिका, जपान आणि युरोप येथे स्पोर्ट्स कार विकत घेऊन तिच्या एंजिनात फेरफार करणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. कोणी धूर सोडणारी नळी बदलतो, कोणी टर्बोचार्जर बसवितो, तर कोणी इंधनाचे प्रमाण ठरविणाऱ्या संगणकातील आकडे बदलून घेतो. ह्या कामी कित्येकांची वर्षावर्षाची शिल्लक खर्ची पडते. मग गाडी डायनामोमीटरवर चढते आणि मालकाच्या हाती एक आलेख पडतो. समजा, एकाच्या आलेखावर ४१६ अश्वशक्ती असा आकडा आला. आणि तशीच गाडी, तेच सुटे भाग असलेल्या त्याच्या मित्राला दुसऱ्या गावी ३७० हा आकडा मिळाला. तर मित्राच्या कारागिराने त्याला फसविले असे समजावे काय? पुष्कळदा तसेच समजले जाते. चांगल्या कारागिराची अब्रू जाते आणि मोठा आकडा दाखविणाऱ्याच्या दारी गिऱ्हाइकांची रांग लागते. वस्तुतः दोन्ही गाड्यांची शक्ती अगदी सारखी असू शकेल. ते कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट एककाची. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉट ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले, आणि तेही तुलनेसाठीच. घोडे जुंपून काम करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे त्याला सांगावयाचे होते. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने ठरविले. पुढे युरोपखंडात मेट्रिक अश्वशक्ती आली. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, हे तिचे प्रमाण. पहिली सुमारे ७४६ वॅटची, तर दुसरी सुमारे ७३५ वॅटची. म्हणजे जर्मन कागदावरचे ४०० घोडे इंग्रजी कागदावर ३९४ च्या आसपासच भरतात. घोडे तेच, मोजण्याची रीत तेवढी वेगळी.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या जागेची. १८२१ साली फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी ह्याने फिरत्या आसाला ब्रेक आवळून यंत्राची शक्ती मोजण्याची युक्ती काढली. ‘ब्रेक अश्वशक्ती’ हा शब्द ह्याच ब्रेकची आठवण ठेवून आहे. ह्या पद्धतीत एंजिन गाडीबाहेर, स्वतंत्र चौथऱ्यावर ठेवून तपासतात. परंतु तेथेही पंक्तिप्रपंच होताच. अमेरिकेतील कारखानदार १९७०–७१ पर्यंत पंखा, गाडीतील धुराड्याची अरुंद नळी इत्यादी बोजा काढून टाकून एंजिन मोजीत आणि तोच आकडा जाहिरातीत छापीत. १९७२ च्या गाड्यांपासून सर्व साहित्य जोडून मोजलेला निव्वळ आकडा देण्याची प्रथा पडली. १९७१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या साध्या एंजिनाची ठोक शक्ती २७० आणि निव्वळ शक्ती २१० सांगितली गेली. एकाच एंजिनाच्या दोन आकड्यांत ६० घोड्यांचे अंतर पडले, आणि तरीही दोन्ही आकडे आपापल्या परीने खरेच होते.

फेरफार करणारे हौशी लोक मात्र एंजिन बाहेर काढीत नाहीत. ते गाडीच लोखंडी रुळांवर उभी करतात. चाके रूळ फिरवितात आणि चाकांपाशी पोहोचलेली शक्ती मोजली जाते. ह्या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात जड रूळ किती लवकर गती घेतो, ह्यावरून शक्तीचे गणित मांडतात. दुसऱ्यात विद्युत्-चुंबकीय ब्रेकने रुळाला विरोध करून चाकांचा जोर प्रत्यक्ष तोलतात. पहिल्या प्रकारात एक चकवा आहे. गाडीला हलकी चाके किंवा हलके फ्लायव्हील बसविले, की तेवढाच रूळ अधिक झपाट्याने फिरू लागतो आणि कागदावर अश्वशक्ती वाढलेली दिसते. गाडीला वेग घेताना त्याचा लाभ होतो हे खरे. परंतु एंजिनाने जास्त शक्ती निर्माण केली, असे मात्र म्हणता येत नाही. ह्याखेरीज टायरमधील हवा, गाडी बांधण्याच्या पट्ट्यांचा ताण, निवडलेला गिअर, पुढे लावलेला पंखा ह्या सर्वांचा परिणाम आकड्यावर होतो. टर्बोचार्जर असलेली गाडी लागोपाठ दोनतीनदा पळविली, तर आत जाणारी हवा तापते आणि आकडा उतरतो; थोडी विश्रांती दिली, की तो पुन्हा चढतो.

तिसरी गोष्ट हवेची. थंड आणि दाट हवेत एंजिन अधिक जोर करते. म्हणून मोजलेला आकडा एका ठराविक हवामानाच्या हिशेबात बदलून घेतात. परंतु हे ‘ठराविक’ हवामानही एक नाही. अमेरिकेत प्रचलित असलेल्या एका प्रमाणात २५ अंश सेल्सिअस तापमान धरतात, तर जुन्या प्रमाणात सुमारे साडेपंधरा अंश आणि अधिक दाब धरतात. जुन्या प्रमाणाने आकडा सुमारे ४ टक्के मोठा येतो. जी गाडी एका हिशेबाने ४००, तीच दुसऱ्या हिशेबाने ४१६! कोणताही सुटा भाग न बदलता, केवळ संगणकाची एक कळ दाबून १६ घोडे तबेल्यात येतात. उंचावरील गावी तर ह्याहून मौज होते. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ, म्हणून मोजलेल्या आकड्यात सुमारे पाचव्या हिश्शाची भर घालतात. साध्या एंजिनाला हे न्याय्य आहे. परंतु टर्बोचार्जर विरळ हवा दाबून ही तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो. त्यालाही तीच भर दिली, तर न झालेल्या नुकसानीची भरपाई पदरात पडते.

चौथी गोष्ट सर्वांत फसवी आहे. चाकांपाशी मिळालेल्या आकड्यावरून एंजिनाची शक्ती काढण्यासाठी, वाटेत १५ टक्के शक्ती वाया जाते असे सरसकट धरण्याचा प्रघात आहे. ३०० अश्वशक्तीच्या एंजिनाची चाकांपाशी २५५ भरली, तर ४५ वाटेत गेली. पुढे फेरफार करून त्याच गाडीची चाकांपाशी ५१० भरली, की त्याच नियमाने एंजिनाची शक्ती ६०० सांगतात. म्हणजे तोच गिअरबॉक्स, तीच चाके, आणि वाटेतली तूट आता ९० झाली! नव्वद अश्वशक्ती म्हणजे ६७ किलोवॅट, अर्थात् एक किलोवॅटच्या ६७ विजेच्या शेगड्या. त्यातील काही शक्ती चाके व आस फिरते करण्यात जाते, असे धरले तरी उरलेली उष्णता त्या लहानशा पेटीने कोठे ठेवावी? घर्षणाची तूट भाराबरोबर थोडी वाढते हे खरे; पण तिचा बराच भाग फिरण्याच्या गतीवर अवलंबून असतो. टक्केवारीचे हे गणित सोयीचे आहे, भरवशाचे नाही.

इतके ऐकल्यावर हे यंत्रच निरुपयोगी आहे, असे कोणास वाटेल. ते बरोबर नाही. १९९९ साली फोर्ड कंपनीने आपल्या मस्टँग कोब्रा ह्या गाडीची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली होती. गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या डायनामोमीटरवर चढविल्या, तेव्हा वचनाप्रमाणे शक्ती भरेना. तक्रारी वाढल्या. अखेर कंपनीने विक्री थांबविली, विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांचे हवा घेणारे व धूर सोडणारे भाग आणि संगणकातील आज्ञावली बदलून दिली. २००० साली तर नेहमीची कोब्रा गाडी बाजारात आलीच नाही. त्यानंतर माझदा कंपनीला २००१ च्या मियाटा गाडीची जाहीर केलेली शक्ती १५५ वरून १४२ पर्यंत खाली आणावी लागली आणि नाराज गिऱ्हाइकांकडून गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. कोब्राच्या वेळी सामान्य माणसाच्या बाजूने साक्ष दिली, ती ह्याच रुळांनी.

मग माप केव्हा खरे मानावे? भारतात १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच, असा नेम नसे. तरीही घरच्या त्याच पायलीने गेल्या वर्षीचे आणि यंदाचे भात मोजले, तर पीक वाढले की घटले हे बिनचूक कळे. डायनामोमीटरचे मर्म नेमके हेच आहे. तीच गाडी, तेच यंत्र, शक्यतो तोच दिवस, तोच गिअर आणि तोच हवामानाचा हिशेब ठेवून फेरफारापूर्वी तीनदा व फेरफारानंतर तीनदा मोजावे. त्यातील फरक हा कारागिराच्या कामाचा खरा दाखला. कोस दूर असलेल्या दुसऱ्या यंत्रावरील आकड्याशी त्याची स्पर्धा लावणे व्यर्थ होय.

आलेख वाचणाऱ्यासाठी आणखी एक सोपी खूण आहे. टॉर्क, म्हणजे आसाला पीळ देणारा जोर, फूट-पौंडांत आणि शक्ती इंग्रजी अश्वशक्तीत एकाच पट्टीवर मांडली असेल, तर दोन्ही रेषांनी मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांच्या जागी एकमेकींना छेदलेच पाहिजे. तेथे त्या छेदत नसतील, तर कागदात काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे.

मोठ्या आकड्याच्या लोभाने जो कारागीर इंधन कमी करून आणि ठिणगीची वेळ पुढे ओढून एंजिनाला ताणतो, तो मालकाला कागद देतो आणि पिस्टन जाळतो. उलट, मोजण्याच्या सर्व अटी कागदावर लिहून देणाऱ्याचा लहान आकडाही मोलाचा असतो. घोडे किती, हे विचारण्यापूर्वी ते कोणी, कोठे आणि कसे मोजले, हे विचारणारा गिऱ्हाईक सहसा नाडला जात नाही.