समूहाचा स्वर आणि तरुणाचे मन
(मठाच्या वर्धापन महोत्सवात चोपडे येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने मला 'तरुण पिढी आणि शिस्त' हा विषय दिला होता. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत शिकविण्यात घालविलेल्या माणसास हा विषय सोपा वाटावा, अशीच समितीची समजूत असणार. परंतु टिपणे काढावयास बसलो तेव्हा माझी लेखणी वेगळ्याच वाटेला लागली. ज्या मुलास मी शिस्तीचा म्हणून वाखाणीत असे, तो खरोखर शिस्तीचा होता, की चारचौघे जिकडे जातील तिकडे जाणारा होता? ह्या दोहोंतील भेद आम्हा शिक्षकांना पुष्कळदा कळत नाही. राज्यकर्त्यांना मात्र तो फार चांगला कळतो, आणि त्याचा उपयोग कसा करावयाचा हेही कळते.

ज्या सत्तेखाली आपले वाडवडील राहिले तिचेच उदाहरण घेऊ. सालाझार १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि पुढील वर्षी त्याने आपली नवी राज्यघटना आणली. १९३६ साली 'मोसिदाद पोर्तुगेझ' ही युवक संघटना स्थापन झाली. सात ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांना तिचे सभासदत्व सक्तीचे होते. हिरवा सदरा, हात उंचावून केलेला प्रणाम, आणि पट्ट्याच्या बकलावर एक अक्षर, 'एस्'. हे अक्षर सेवेचे, असे अधिकृतपणे सांगत. सालाझारच्या नावाचे आद्याक्षरही तेच, हे मुलांना सांगावे लागत नसे. १९३९ साली ही संघटना वसाहतींतही नेण्याचा हुकूम निघाला. सात वर्षांच्या बालकास राजकारण काय समजणार? त्याला समजते ते एवढेच की, सगळ्यांच्या अंगात हिरवा सदरा आहे आणि आपल्याही अंगात तो असावा. हुकूमशाहीची पहिली पायरी ही अशी निरागस असते.

जर्मनीत हेच अधिक उग्र रूपाने घडले. १९३२ च्या अखेरीस हिटलरच्या युवक संघटनेत सुमारे एक लाख मुले होती. वर्षभरात ती वीस लाखांवर गेली. त्यांत हान्स शोल नावाचा एक मुलगा होता. वडिलांचा विरोध असतानाही तो आणि त्याची बहीण सोफी उत्साहाने त्या संघटनेत शिरली. सहली होत्या, शेकोट्या होत्या, गाणी होती. त्या वयात आणखी काय हवे असते? न्यूरेंबर्गच्या प्रचंड मेळाव्यात ध्वज वाहून नेण्याचा मान हान्सला मिळाला, आणि तिथून तो खिन्न होऊन परतला. त्याला परदेशांतली लोकगीते आवडत. ती गाऊ नयेत अशी ताकीद त्याला मिळाली. आपल्या तुकडीसाठी मुलांनी स्वतः तयार केलेले निशाण वरिष्ठांनी काढून घेतले. एक गाणे आणि एक निशाण, एवढ्या लहान गोष्टींपासून त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला. पुढे म्यूनिकच्या विद्यापीठात युद्धाविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ रोजी दोघा भावंडांचा शिरच्छेद झाला. हान्स चोवीस वर्षांचा होता, सोफी एकवीस.

माणूस इतका वाहवत का जातो, ह्याचा एक साधा प्रयोग सॉलोमन अॅश ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत केला. कागदावरील तीन रेघांपैकी नमुन्याच्या रेघेइतकी लांब कोणती, एवढाच प्रश्न. खोलीतील इतर सर्वांना आधीच पढवून ठेवलेले. ते एकमुखाने चूक उत्तर देत. खरा विद्यार्थी एकटाच. डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसत असतानाही अशा वेळची सुमारे एकतृतीयांश उत्तरे इतरांच्या सुरात सूर मिळवून चुकीची आली, आणि चारांपैकी तिघे एकदा तरी घसरले. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या खोलीत खरे उत्तर देणारा केवळ एक सोबती मिळाला, की ही घसरण सुमारे चौथ्या हिश्शावर येई. एकच माणूस!

आपल्या गोव्यात हा एक माणूस मिळावयास फार काळ लागला. येथे गणवेशापेक्षा मौनाने अधिक काम केले. लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील तपासणी झाल्यावाचून छापता येत नसे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. सगळेच गप्प, म्हणून प्रत्येकजण गप्प. आणि प्रत्येकास वाटे की, दुसऱ्याला हे मान्यच असावे. १८ जून १९४६ रोजी भर पावसाळ्यात मडगावी डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तेव्हा ते मौन प्रथम उघडपणे फुटले. त्यानंतरही ते पुन्हा पुन्हा फोडावे लागले. १९५१ साली पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले, आणि गोवा म्हणजे पोर्तुगालच, हे वाक्य प्रतिष्ठितांच्या तोंडी रुळले. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशातील एका मेजवानीत ते कुणी उच्चारले. जमलेली मंडळी सुशिक्षित होती, ऐकून घेण्याची सवय झालेली होती. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तेवढ्यात आपला निषेध नोंदविला. निषेधाचा एक उद्गार, तोही जेवणाच्या मेजावर! त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठविण्यात आले. एका उद्गाराला सत्ता इतकी का भ्यावी, ह्याचे उत्तर त्या रेघांच्या प्रयोगात आहे.

येथवर मी परकीयांविषयी बोललो. ते सोपे असते. आता जे सांगावयाचे आहे ते माझ्याविषयी आहे, आणि ते मी ह्यापूर्वी कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेले नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे असेल त्याने फुलावर शिक्का मारावा, वेगळे राहावयाचे असेल त्याने दोन पानांवर. आपल्या पेडणे तालुक्यात फुलाचा जोर होता. मी तेव्हा चौदा वर्षांचा. मताचा अधिकार नाही, घोषणांचा मात्र भरपूर. आमच्या वाड्यावर एक घर दोन पानांच्या बाजूचे होते. त्या घरात रोज मराठी पोथी वाचली जाई, हे ध्यानात घ्या. पण गोव्याचे वेगळेपण मोडू नये, असे त्या गृहस्थांचे मत होते व ते ते लपवीत नसत. त्यांचा मुलगा माझ्या बाकावर बसे. आम्ही पोरांनी त्याच्याशी बोलणे टाकले. त्याला खेळात घेईनासे झालो. तरीवर तो चढला की आम्ही दुसऱ्या टोकाला सरकत असू. मग एका रात्री आम्ही सातआठ जणांनी त्यांच्या पडवीच्या भिंतीवर कोळशाने 'फितूर' असा शब्द लिहिला. कोळसा माझ्या हाती दिला होता, कारण माझे अक्षर चांगले होते.

हे करावयास आम्हांस कोणत्याही पुढाऱ्याने सांगितले नव्हते. घरी कळते तर मार बसला असता. पुढे पुष्कळ वर्षांनी त्या सातआठ जणांपैकी दोघांना मी विचारले. दोघेही म्हणाले, 'आमका नाका आशिल्लें, पूण तुमकां सगळ्यांक जाय आसा अशें दिसलें.' मलाही तेव्हा नेमके तसेच वाटले होते. म्हणजे त्या रात्री जे कोणालाच नको होते ते सर्वांनी मिळून केले. सालाझारचा हिरवा सदरा आमच्या अंगात नव्हता, इतकेच.

कौलात १,३८,१७० मते फुलाला आणि १,७२,१९१ मते दोन पानांना पडली. कोणते मत योग्य होते, हा वाद मी येथे उकरीत नाही. माझे त्या वेळचे मत मी आजही पूर्णपणे टाकलेले नाही. मत असणे हा माझा अपराध नव्हता.

मठाच्या व्यासपीठावरून बोलताना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुरुपरंपरा म्हणजे मान डोलावणे, असा समज बाहेर आहे आणि कधी कधी आपल्यातही आहे. परंतु गीतेत अर्जुन किती वेळा शंका काढतो ते मोजून पाहावे. आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावरही भगवंत त्याला आज्ञा करीत नाहीत, सर्व नीट विचारात घेऊन तुला वाटेल तसे कर, असे सांगतात. येथील संस्कारवर्गांत मुलांना शंका विचारण्यासाठी वेगळा वेळ ठेवता येईल काय, आणि एकट्या पडलेल्या मुलाचे म्हणणे आधी ऐकण्याची रीत पाडता येईल काय, ह्याचा समितीने विचार करावा अशी माझी विनंती आहे. मी शाळेत होतो तोवर हे केले नाही. वर्ग शांत असला की मला बरे वाटे.

माझा तो मित्र पुढे मुंबईस गेला. गेल्या चवथीला गावी आला होता. जुन्या तरीच्या धक्क्यावर आम्ही बराच वेळ बसलो, पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहत. मी त्याला भिंतीचे सांगितले. त्याने पाण्याकडे पाहत म्हटले, 'अक्षर तुझेच, ते मी सकाळीच ओळखले होते.' आणि मग घरातल्या गणपतीच्या आरतीची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो.