डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ



मी डॉक्टर नाही. पुण्यात रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यामुळे औषधांचं मला विचारू नका, आपले डॉक्टर वर्गमित्र पहिल्याच रांगेत बसलेत.

आपल्याकडे कुणाला हार्ट अटॅक आला, लकवा मारला, पायाची रक्तवाहिनी बंद झाली, की शेवगावहून गाडी थेट नगरला. तिथं नस मोकळी होते, आपण हुश्श करतो. पण नस बिघडली कशानं? तंबाखू, रक्तदाब आहेतच, आणि पुष्कळदा न कळलेला मधुमेह. स्वीडनमधल्या २००२च्या एका अभ्यासात, मधुमेह नाही असं समजलेल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांना घरी सोडताना ग्लुकोज पाजून तपासलं. ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला, आणखी ३५ टक्के उंबरठ्यावर. ‘मी तर काटकुळा, मला कुठली शुगर’ हेही खरं नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय, की आपली बाळं वजनाला कमी असली तरी चरबीला कमी नसतात.

माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा साखर १९० होती. ‘ताणानं वाढते’, एवढ्यावर विषय मिटला. ताणानं वाढते हे खरंच. पण एचबीए१सी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, चार दिवसांच्या ताणानं ती फारशी हलत नाही. ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह, लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. (अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो. आपल्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.) मामांना कळलं दोन वर्षांनी, अंगठ्याची जखम बुजेना तेव्हा. अंगठा काढावा लागला.

कॉम्प्युटरला यातलं निम्मं काम सहज जमतं. नसांचा रुग्ण दाखल झाला आणि तीन महिन्यांतली एचबीए१सी नोंदलेली नाही, तर डॉक्टरांच्या स्क्रीनवर आठवण येते. अडतं पुढेच. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो आणि कागद फाइलमध्ये. म्हणून आम्ही डिस्चार्ज कार्डावर एक ओळ घातली: ‘साखरेचा रिपोर्ट: आला / यायचा आहे’. ती रिकामी ठेवली तर कार्ड छापलंच जात नाही. डॉक्टर वैतागतात. वैतागू द्या.

तुमच्या घरात असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर आज घरी जाऊन फाइल काढा आणि हा आकडा शोधा. सापडला नाही तर उद्या तपासून घ्या.

जेवणात गुलाबजाम नको म्हणून मी कमिटीला आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.