टोपलीतील भाजी आणि दिलेला शब्द



बोरिवलीची गृहिणी मंडईत भाजी पारखून घेते. निवड तिच्या हाती असते. शेतकऱ्याच्या हाती भावही नसतो. शेतीतील भागीदारीची योजना हे गणित बदलते. कुटुंब हंगामाचे पैसे आगाऊ भरते आणि दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्याची टोपली स्वीकारते. जपानमध्ये १९७०च्या दशकात गृहिणी व शेतकऱ्यांनी ‘तेइकेई’ नावाने ही रीत रुजविली. मुंबईत ‘मोफ्का’ या शेतकरी-ग्राहक संघटनेची ‘हरी भरी टोकरी’ याच वाटेने आली.

उपनगरांना सामूहिक खरेदी नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून ती सवय लावली. परंतु डाळ-तांदूळ टिकतात, मेथी टिकत नाही. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. कायद्याचा अडसर दूर झाला. जोखमीचा प्रश्न उरला.

अवकाळी पावसाने पालेभाजी गेली, तर टोपली हलकी येईल. कधी सलग तीन आठवडे दुधीच येईल. हे सोसण्याची तयारी नसेल, तर सभासद होऊ नये. अर्ध्या हंगामात माघार घेणारा ग्राहक शेतकऱ्याला दलालापेक्षा महाग पडतो. तयारी असेल, तर शेत प्रत्यक्ष पाहावे, खते-फवारणीची चौकशी करावी, पीक बुडाल्यास काय, हे लेखी घ्यावे आणि इमारतीतील चार घरांनी मिळून प्रथम एकच हंगाम अनुभवावा.

पेरणीच्या वेळी भरलेले पैसे हा शेतकऱ्याला दिलेला शब्द असतो. पाळता येईल एवढाच तो द्यावा.