आकडा परत करा, आकड्याचं चित्र नको

आजचा विषय छोटा आहे. पायथनच्या फंक्शनमधून आकडा रिटर्न करायचा की आकड्याचा मजकूर? छोटा म्हणतेय खरी, पण माझ्या आत्याला तो १२,४०० रुपयांना पडला.

आत्या कॉलेजच्या पोरांना डबे देते. कुणाची किती बाकी, हे काढायला मी तिला एक प्रोग्रॅम लिहून दिला. फंक्शनच्या शेवटी शहाणपणा केला: एफ-स्ट्रिंगमध्ये बाकी टाकली, पुढे कोलन, पॉइंट, दोन, एफ, आणि तेच रिटर्न केलं. का, तर ९५० पेक्षा ९५०.०० छान दिसतं. पण एफ-स्ट्रिंगमधून बाहेर पडते ती स्ट्रिंगच.

मग यादी मोठ्या बाकीपासून लावली. सगळ्यात वर ९५०.००, मग ८७५.५०, आणि पार तळाला १२४००.००. स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेक अक्षर बघत होते. ९ हा १ पेक्षा मोठा, विषय संपला. आत्या वरून फोन लावत गेली, रोज पाच-सहा. तळाशी पोचली तोवर तो पोरगा रूम सोडून गेला होता.

एरर का नाही आला? कारण सॉर्टला स्ट्रिंग चालते. मी सम वापरलं असतं तर टाइपएररने लगेच कान धरला असता. आणि टेस्टला मी सगळे तीन अंकी आकडे घेतले होते, त्यांत क्रम बरोबरच येतो! वर फंक्शनला फ्लोट अशी टाइप हिंट लिहिलेली. पायथन ती चालवताना तपासत नाही. मायपाय चालवलं असतं तर सापडलं असतं, पण घरच्या कामाला कोण चालवतं?

आता फंक्शन आकडाच देतं, तोही डेसिमल, कारण पैशाला फ्लोट नको. पॉइंट दोन एफ फक्त प्रिंटच्या ओळीत. स्वल्पविरामही तिथेच, तो आकड्यात घुसला की फ्लोटमध्ये परत बदलताना व्हॅल्यूएरर येतो. शिवाय कोलन-स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी तोडतो, १,२३४,५६७ असं. आपलं १२,३४,५६७ हवं तर वेगळी सोय करावी लागते.

आत्या प्रोग्रॅम वापरते अजून. पण आधी वहीशी ताडून बघते, आणि मग मला विचारते, “अगं, आज नऊ मोठा की बारा हजार?”