तारा निघाल्या. आता डबी!



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि मी ती एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे. दातांना तारा कशा लावतात, महिन्याला त्या आवळायला का यावं लागतं, हे ज्यांच्या घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल आहे त्यांना मी नव्याने सांगायला नको. दीड-दोन वर्षं चकरा मारून झाल्यात तुमच्या. मला बोलायचंय ते तारा निघतात त्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी मुलगी आरशासमोरून हलत नाही. आई पेढे घेऊन येते. आणि मग मी एक छोटी डबी पुढे करते. आत रिटेनर, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायला. लगेच चेहरे उतरतात. "म्हणजे अजून आहेच का, डॉक्टर?"

आहे. तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला नाही.

शेताच्या बांधावरचा कुंपणाचा खांब डोळ्यांसमोर आणा. कलला होता, तुम्ही सरळ केलात. पण बुडाची माती अजून भुसभुशीत आहे. सरकलेल्या दाताच्या मुळाभोवती हाड असंच नव्याने भरत असतं. हाडाला आणि मुळाला जोडणारे तंतू पुन्हा नीट बसायला तीन-चार महिने लागतात. बरं, माती बसली. पण खांबाला तार ओढलेली असते ना? ती जुन्या कलाच्या हिशेबाने ताणलेली. खांब सरळ केलात की ती त्याला मागे खेचत राहते. हिरडीतले लवचीक तंतू म्हणजे ती तार. त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. म्हणूनच गिरकी घेतलेला दात सरळ केला, तर तोच सगळ्यांत आधी मागे फिरतो. पुढच्या दोन दातांमधली फटही तशीच हट्टी.

मग चौकस पालक विचारतात, "वर्ष झालं, आता बंद करू?" अहो, पण खांब रोवलाय कुठे ते तरी बघा! काळ्या मातीत. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, काही वर्षांनी रस्त्याकडेचे विजेचे खांबसुद्धा वाकडे करते. मुलांचा जबडा सतरा-अठरापर्यंत, मुलग्यांचा तर थोडा पुढेही, वाढत असतो. आणि वाढ थांबली तरी खालचे पुढचे दात आयुष्यभर हळूहळू दाटी करत राहतात. ज्यांनी जन्मात कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही. चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांनी आता खालच्या दातांवरून जरा जीभ फिरवून बघावी. काय?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार उपदाढा काढून दात सरळ केलेले ६५ रुग्ण, रिटेनर बंद होऊन किमान दहा वर्षं लोटलेली. जवळजवळ दोन-तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग पुन्हा बिघडली होती. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कोणाचे बिघडतील आणि कोणाचे टिकतील, हे आधी ओळखायची भरवशाची खूण त्यांना सापडली नाही. तेव्हा "शेजारच्या मुलाने कुठे घातला होता, त्याचे तर ठीक आहेत" हे मला सांगू नका. तो नशीबवान. तुमच्या लेकीचं मी आज कसं सांगू?

म्हणून पुन्हा सांगते, तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला नाही. सुरुवातीला किती तास घालायचा ते तुमचे डॉक्टर सांगतील. कोणी दिवसरात्र सांगतात, कोणी फक्त रात्री. पण रात्रीचा मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवायचा. काहींना खालच्या दातांच्या मागून बारीक तार चिकटवून देतात. ती दिसत नाही, हरवत नाही. पण तिच्याभोवती कीटण साचतं आणि एखाद्या दातावरून सुटली तर पत्ताही लागत नाही. म्हणजे तीही दाखवायला यायचंच.

चार दिवस विसरलात आणि रिटेनर घट्ट बसायला लागला, तर तो दातांचा निरोप समजा. रागावून कपाटात टाकू नका, त्याच दिवशी फोन करा. पारदर्शक रिटेनर उकळत्या पाण्यात धुऊ नका, त्याचा आकार बिघडतो. आणि हॉटेलात जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. माझ्याकडे नवा करायला येणाऱ्या निम्म्या मुलांचा जुना रिटेनर वेटरने ताटाबरोबर उचललेला असतो!

अक्कलदाढेचं राहिलंच. ती पुढच्या दातांना ढकलते म्हणून काढून टाका, असं सर्रास सांगतात. तिच्यावर एवढा आळ घ्यावा असा पुरावा खरं तर नाही, पण त्याचं कारण... काचेपलीकडून हात वर झालाय. बरं, थांबते. डबी दप्तरात ठेवा, आणि डबीवर मुलाचं नाव लिहा.